डोंगरमाथ्यावरचे लहान लेणे आणि त्यातील जीवसृष्टी

दरवर्षी पावसाळा ओसरला की आम्ही वस्तीतील विद्यार्थ्यांना घेऊन कान्हेरीला जातो. चिंचोटीच्या डोंगरावरून स्वच्छ दिवशी दक्षिणेकडे पाहिले, तर वसईच्या खाडीपलीकडे हिरवी डोंगररांग दिसते. त्याच रांगेत कान्हेरीची लेणी आहेत. सरळ रेषेत अंतर वीसेक किलोमीटरचेच. पण आपल्याला नायगावहून लोकल धरून बोरिवलीला उतरावे लागते आणि राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकातून आत सहा-सात किलोमीटर गेल्यावर लेणी लागतात. आपल्या भागाचे आणि कान्हेरीचे नाते जुने आहे. तेथील शिलालेखांत दान देणाऱ्यांच्या गावांची नावे आहेत, त्यांत कल्याणबरोबर आपले सोपारेही आहे.

या सहलीत आम्ही चैत्यगृह दाखवतो, स्तूप दाखवतो, शिलालेखांची लिपी दाखवतो, कातळात खोदलेल्या पाण्याच्या पोढ्या दाखवतो. एका वर्षी मुलांना घेऊन वरच्या अंगाच्या एका लहान लेण्यात शिरलो. पुढे छोटीशी ओसरी, आत एक खोली, भिंतीलगत दगडी बाक आणि कोपऱ्यात एक काळोखी कोठडी. एवढाच त्याचा पसारा. कोठडीच्या छताला पाकोळ्या लटकल्या होत्या. भिंतीवर पाल होती, कोपऱ्यात लांब पायांचे कोळी होते आणि खाली विष्ठेच्या काळ्या थरात बारीक किडे वळवळत होते. मुले नाक धरून मागे सरली. सातवीतील एक मुलगी मात्र तेथेच उभी राहिली. तिने विचारले, "काका, इथे ऊन नाही, झाड नाही, गवताची काडीसुद्धा नाही. मग ही सगळी खातात काय?"

प्रश्न अगदी साधा होता. पण त्या दिवशी आम्हांपैकी एकालाही नीट उत्तर देता आले नाही. पुढे पुस्तके चाळली, जाणकारांना विचारले आणि मुख्य म्हणजे डोळे उघडे ठेवून पुनःपुन्हा पाहिले. त्यातून जे समजले ते विद्यार्थी मित्रांपुढे आणि सभासद बंधु-भगिनींपुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

लेण्याचे तीन पट्टे

कोणत्याही गुहेचे उजेडाच्या मानाने तीन भाग पडतात. पहिला उंबरठ्याचा पट्टा. तेथे ऊन-वारा पोहोचतो, कातळाला शेवाळ धरते, फटीत नेचे उगवते. दुसरा संधिप्रकाशाचा पट्टा. तेथे आपल्याला अंधूक दिसते; पण हिरव्या पानाला पुरेल एवढा उजेड नसतो. तिसरा पूर्ण अंधाराचा. तेथे दिवस आणि रात्र सारखीच. मोठ्या नैसर्गिक गुहांत हा तिसरा पट्टा शेकडो मीटर खोल जातो. आपल्या लहान लेण्यात ओसरी हा पहिला पट्टा, खोली हा दुसरा, आणि आतली कोठडी हीच काय ती अंधाराची जागा. दहा-बारा पावलांत तिन्ही पट्टे ओलांडून होतात. म्हणूनच विद्यार्थ्यांना समजावून सांगायला लहान लेणे फार सोयीचे.

आत जावे तसा उजेड कमी होतो आणि हवा स्थिर होते. मे महिन्यात बाहेरचा कातळ पायाला चटके देतो, तर कोठडीत गारवा असतो. थंडीत उलट आत ऊब वाटते. ओलावाही बाहेरच्यापेक्षा जास्त टिकतो. थोडक्यात, लेण्यात निवारा भरपूर आहे. नाही ते अन्न. शाळेत आपण शिकतो की सर्व अन्नाचा आरंभ हिरव्या पानापासून होतो. पान सूर्यप्रकाशात अन्न तयार करते, ते पान किडा खातो, किड्याला पक्षी खातो, ही अन्नसाखळी. कोठडीत हिरवे पानच नाही. मग तेथील साखळीचे पहिले टोक कोठे आहे?

अंधारात पिढ्यान्‌पिढ्या राहून काही प्राणी पूर्णपणे गुहेचेच होऊन जातात. त्यांचे डोळे क्षीण होतात, रंग फिका पडतो आणि त्यांना बाहेर जगताच येत नाही. छत्तीसगडमधील बस्तरच्या कांगेर खोऱ्यात कोटमसर नावाची चुनखडीची खोल गुहा आहे, तिच्यातील पाण्यात डोळे आखडलेले, फिके पडलेले लहान मासे आढळतात. अशा बदलाला फार मोठा काळ लागतो. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. परंतु त्यातील लेणी माणसाच्या हातची. कान्हेरीचे खोदकाम इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू झाले आणि इ.स. दहाव्या शतकापर्यंत तेथे वस्ती व कामे चालू राहिली. निसर्गाच्या हिशेबात दोन हजार वर्षे म्हणजे कालचीच गोष्ट. त्यामुळे लेण्यात जे प्राणी दिसतात ते बाहेरून आलेले आहेत. काही फक्त दिवसाच्या मुक्कामाला येतात, काही बाराही महिने राहतात. पण बाहेरच्या रानाशी कोणाचाच संबंध तुटलेला नाही. पुढचे सारे समजण्यासाठी एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी.

अन्न आणते कोण?

आपल्याकडे पाकोळी हा शब्द दोघांना लावतात. दिवसा लेण्याच्या तोंडाशी भिरभिरणारा लहान काळा पक्षी तीही पाकोळी, आणि संध्याकाळी कोठडीतून बाहेर पडणारे लहान वटवाघूळ तीही पाकोळी. एक पक्षी, दुसरा सस्तन प्राणी; नात्याने दोघे फार दूरचे. पण काम मात्र सारखेच, उडत्या किड्यांची शिकार करण्याचे. जणू एकाने दिवसपाळी धरली आहे, दुसऱ्याने रात्रपाळी. पाकोळी पक्षी पिसे आणि काड्या थुंकीने चिकटवून छताला घरटे करतो. वटवाघूळ घरटे करीत नाही, पायांच्या नख्यांनी उलटे लटकते एवढेच.

लेण्यांत राहणाऱ्या वटवाघळांचे आहारावरून तीन गट करता येतात.

पहिला गट कीटक खाणाऱ्या लहान पाकोळ्यांचा. यांच्यातील काहींच्या नाकावर पानासारखी कातडीची घडी असते. वजन जेमतेम दहा ग्रॅम. या नाकातून अतिशय उंच स्वर काढतात, तो आपल्या कानांना ऐकू येत नाही. आणि त्याचा किड्यावर आदळून आलेला प्रतिध्वनी ऐकून अंधारात नेमकी झडप घालतात. अशी पाकोळी एका रात्रीत स्वतःच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत किडे खाऊ शकते. विद्यार्थ्यांनी गणित करून पाहावे. एका कोठडीत दोनशे पाकोळ्या आहेत आणि प्रत्येकीने रात्री तीन ग्रॅम किडे खाल्ले असे धरले, तर एका रात्रीत सहाशे ग्रॅम आणि महिन्यात अठरा किलो किडे होतात. त्यांत डास, पतंग, भुंगेरे, भातावर येणारे तुडतुडे, सगळे आले.

दुसरा गट फळे खाणाऱ्यांचा. मोठ्या झाडांवर दिवसा लटकणारी थोरली वटवाघळे आपण ओळखतो. लेण्यातील फळखाऊ वटवाघूळ त्याहून बरेच लहान, सत्तर ते शंभर ग्रॅम वजनाचे आणि पिंगट रंगाचे असते. फळे खाणाऱ्या वटवाघळांना सहसा प्रतिध्वनीची विद्या नसते, ती डोळ्यांनी पाहतात आणि नाकाने वास घेतात. हे मात्र जिभेने टिकटिक आवाज काढून अंधारात वाट शोधते, म्हणून त्याला काळोख्या लेण्यात राहता येते. उंबर, वड, पिंपळ, जांभूळ यांची फळे आणि सावरीच्या किंवा मोहाच्या फुलांतील रस हे याचे अन्न.

तिसरा गट शिकाऱ्यांचा. त्यांच्याविषयी पुढे येईलच.

या वटवाघळांचा अभ्यास फार पूर्वीपासून चालू आहे. मुंबईत १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या नियतकालिकात १९६२-६३ साली आंद्रे ब्रोसे या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने मध्य व पश्चिम भारतातील वटवाघळांवर विस्तृत लेख लिहिले. तेव्हापासून आपली लेणी हा वटवाघळांच्या अभ्यासकांना मोठा ठेवा वाटतो.

आता मुलीच्या प्रश्नाकडे वळू. वटवाघूळ रात्रभर रानात आणि शेतावर चरते आणि पहाटे लेण्यात परतते. पोटात आणलेल्या अन्नाचा निरुपयोगी भाग ते दिवसभर खाली टाकते. हेच लेण्यातील अन्नसाखळीचे पहिले टोक. हिरवे पान लेण्याच्या बाहेर आहे, आणि त्याचा अंश लेण्यात आणून टाकणारा हमाल छताला लटकलेला आहे.

छताखालचा संसार

विष्ठा म्हटले की आपण नाक मुरडतो. शेतकरी मात्र तिला सोन्यासारखे खत म्हणतो, कारण तिच्यात नत्र आणि स्फुरद भरपूर असते. लेण्यातील बारीक जीवांनाही ती तशीच मोलाची. कीटकभक्षी पाकोळीची लेंडी कोरडी, उंदराच्या लेंडीसारखी दिसणारी; पण उंदराची लेंडी घट्ट असते, पाकोळीची काडीने दाबताच भुगा होते, आणि त्या भुग्यात किड्यांच्या पंखांचे तुकडे चकाकतात. फळखाऊ वटवाघळाची विष्ठा ओली, गोडसर वासाची आणि बियांनी भरलेली असते. (काडीने दाबावी, हाताने नव्हे. कारण पुढे सांगितले आहे.)

या थरावर प्रथम जिवाणू आणि बुरशी वाढते. ती खायला टाचणीच्या डोक्याएवढे, टुणकन उडणारे पंखहीन किडे येतात. त्यांच्याबरोबर गोचिडीच्या नात्यातले, त्याहूनही बारीक अष्टपाद जीव येतात. विष्ठेतील पंखांचे तुकडे आणि केस खाणारी अळी येते. ती आपल्या ट्रंकेतल्या लोकरी कपड्यांना लागणाऱ्या कसरीची जवळची नातलग. ही अळी स्वतःभोवती नळीसारखे कोषाचे घर करते आणि ते ओढत चालते. झुरळे येतात, रातकिडे येतात, लहान काळे भुंगेरे येतात. छतावरून पडून मेलेले वटवाघूळ, गळालेला पाकोळीचा पंख, घरट्यातून पडलेले पिल्लू, यांतले काहीच वाया जात नाही. मुंग्या त्याचा माग काढत उंबरठ्यावरून आत येतात.

ओसरीच्या कोरड्या धुळीत लहान लहान नरसाळ्यासारखे खळगे दिसतात, तेही अवश्य पाहावेत. प्रत्येक खळग्याच्या तळाशी एक अळी जबडे उघडून मातीत दडलेली असते. मुंगी काठावर आली की माती ढासळते आणि मुंगी थेट जबड्यात जाते. पावसाचा थेंब जेथे पोहोचत नाही अशाच धुळीत हा सापळा टिकतो, म्हणून लेण्याची ओसरी या अळीला फार आवडते.

शिकारी आणि त्यांचे शिकारी

एवढी शिकार एका जागी जमल्यावर शिकारी येणारच. छताच्या कोपऱ्यात लांब, सुतासारख्या पायांचे कोळी विस्कळीत जाळे लावून बसतात. फटींत चपटा, विंचवासारखा दिसणारा. पण नांगी नसलेला एक प्राणी राहतो. त्याचे पुढचे दोन पाय चाबकासारखे लांब व बारीक असतात आणि त्यांनी तो अंधारात आंधळ्याच्या काठीसारखी चाचपणी करतो. दिसायला भयंकर, पण त्याला विष नसते. रातकिडे आणि झुरळे हा त्याचा आहार. लांब पायांची गोम भिंतीवरून विजेसारखी धावते. विंचू दगडाखाली असतो. आणि पाल तर आहेच. आपल्या घरातील पालीच्या कुळातल्या काही पाली खास कातळावर आणि गुहांतच राहतात.

या सगळ्यांवर नजर ठेवणारा शिकारी म्हणजे वटवाघळांचा तिसरा गट. मोठे कान कपाळावर एकमेकांना जोडलेले, वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास. इंग्रजांनी याला रक्तपिपासू समजून तसे नाव दिले. ते नाव खोटे आहे. रक्त पिणारी वटवाघळे जगात तीनच जातींची, आणि ती सर्व मध्य व दक्षिण अमेरिकेतली. आपले हे वटवाघूळ रक्त पीत नाही, मांस खाते. नाकतोडे, पाली, बेडूक, लहान उंदीर, लहान पक्षी, प्रसंगी लहान पाकोळीसुद्धा. त्याची विशेष गोष्ट अशी की बरेचदा ते स्वतः आवाज न करता भक्ष्याचीच चाहूल ऐकते. वाळक्या पानावर बेडकाची उडी पडली की तेवढ्या आवाजावर ते जमिनीवरची शिकार उचलते. पकडलेले भक्ष्य ठरलेल्या जागी नेऊन खाण्याची त्याला सवय आहे. त्या जागेखाली पंख, पिसे, बेडकांचे पाय यांचा केर पडलेला असतो. हा केर म्हणजे बाहेरच्या रानात कोणकोण राहते याची हजेरीच होय. अभ्यासक तो वाचतात, आपणही वाचू शकतो.

यांच्याही वर आणखी पायऱ्या आहेत. सायंकाळी पाकोळ्या थव्याने बाहेर पडतात तेव्हा तोंडाशी घुबड टपून बसते. कपारीतून मांजऱ्या साप किंवा धामण आत डोकावते. कोणी पालीसाठी, कोणी खाली पडलेल्या पिल्लासाठी. उदमांजर रात्री फेरी मारते. साळिंदर आडोसा म्हणून येते. मोठ्या, निवांत गुहेत बिबट्याही दुपार काढतो. अशा रीतीने ही एक सरळ साखळी राहत नाही, तिचे जाळे होते. म्हणून शास्त्रज्ञ अन्नजाळे हा शब्द वापरतात. या जाळ्याचा प्रत्येक धागा मागे नेत गेलो तर शेवटी वटवाघळाच्या पोटातून बाहेरच्या उंबरावर, सावरीवर किंवा भाताच्या खाचरावर येऊन पोहोचतो.

पोढी आणि पावसाळा

लेण्याच्या दाराशी पाण्याची पोढी असते. खोदणाऱ्यांनी कातळात असे चर काढले की पावसाचे पाणी आपोआप तिच्यात उतरावे. तेथे राहणाऱ्यांनी वर्षभर हेच पाणी वापरले. आज त्याच पाण्यात डासांच्या अळ्या वाढतात, त्यांना चतुराची पाण्यातली पिल्ले खातात, काठावर बेडूक बसतो, आणि संध्याकाळी पाकोळी उडता उडता पाण्यावर तोंड टेकवून तहान भागवते. मगाशी सांगितलेल्या शिकारी वटवाघळाला बेडूक मिळतो तो बहुधा येथेच. पोढीत प्लॅस्टिक टाकले की तोटा केवळ पाण्याचा नाही, लेण्यातल्या पंगतीतले एक पान उठते.

पावसाळ्यात हे सारे जीवन ऐन भरात असते. रानात किडे वाढतात, छतावर पाकोळ्यांची पिल्ले आईच्या अंगाला बिलगलेली असतात, ओसरीत बेडूक आणि गोगलगाई शिरतात. भिक्खूंनी पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहावे, हा वर्षावासाचा नियम आपल्याला माहीत आहे. पावसात फिरताना कोवळे गवत आणि बारीक जीव पायाखाली चिरडले जातात, अशी लोकांची तक्रार आली, हे त्या नियमामागचे एक कारण विनयपिटकात सांगितले आहे. हीच लेणी त्या वर्षावासाची. जेथे जीव चिरडू नयेत म्हणून माणसे थांबली, तेथे आज आपण कसे वागतो हा विचार करण्यासारखा आहे.

लेण्याचे उपकार बाहेर

आतापर्यंत आम्ही रान लेण्याला काय देते ते सांगितले. लेणेही रानाला परत देते. फळखाऊ वटवाघूळ उंबर किंवा पिंपळाचे फळ तोडून दुसरीकडे नेऊन खाते आणि बिया वाटेत सांडते. उघड्या माळावर, खडकाच्या फटीत, जुन्या भिंतीवर पिंपळ उगवतो तो कोणी लावलेला नसतो. पक्ष्यांनी आणि वटवाघळांनी त्याची बी तेथे पोहोचवलेली असते. ज्या पिंपळाला आपण बोधिवृक्ष म्हणून वंदन करतो, त्याचा हा एक अबोल माळी. रात्री उमलणाऱ्या सावरीच्या फुलांत तोंड घालताना त्याच्या अंगाला पराग लागतो आणि एका झाडाचा दुसऱ्या झाडावर जातो. आणि पाकोळ्या भातावरचे किडे उचलतात, हे वर आलेच आहे.

आपल्या चिंचोटी-कामणच्या डोंगरांचा भाग २००३ मध्ये तुंगारेश्वर अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर. दक्षिणेला राष्ट्रीय उद्यान, सुमारे १०४ चौरस किलोमीटर. मध्ये वसईची खाडी. पंख असलेल्याला खाडी म्हणजे भिंत नव्हे. आपल्याकडचे उंबर तुटले, डोंगराच्या कपाऱ्या खाणीसाठी फोडल्या, तर त्याचा हिशेब एखाद्या दूरच्या कोठडीतल्या कोळ्यापर्यंत जाऊन पोहोचतो.

आमची एक चूक

ही गोष्ट कान्हेरीची नव्हे, आपल्याकडच्या एका डोंगरावरील लहान, बिनशिलालेखी गुहेची आहे. जागेचे नाव मुद्दाम देत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही तेथे श्रमदान केले. हेतू चांगला होता. जागा स्वच्छ करावी, मुलांना बसता यावे. विष्ठेचा थर पाट्या भरून बाहेर काढला. पाकोळ्या जाईनात म्हणून ओल्या पाल्याचा धूर केला. भर दुपारी त्या बाहेर पडल्या. बाहेर कावळे आणि घारी होत्याच. उन्हाळ्याचे अखेरचे दिवस होते. जमिनीवर केस न फुटलेली गुलाबी पिल्ले पडलेली आम्ही पाहिली. पण तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. संध्याकाळी जागा लख्ख झाली म्हणून आम्ही समाधानाने घरी परतलो.

दुसऱ्या वर्षी गेलो तेव्हा गुहा स्वच्छच होती. पण छत रिकामे होते. कोपऱ्यातली जाळी फाटकी, भिंतीवर पाल नाही, खाली रातकिडा नाही. एवढी शांतता की पाण्याचा थेंब पडलेला ऐकू यावा. त्या दिवशी मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला पुस्तकाबाहेर मिळाले. आम्ही एका प्राण्याला हुसकावले होते, आणि त्याच्यामागोमाग सारी पंगत उठून गेली होती. वटवाघळाला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते, त्यामुळे उंदरासारखी त्याची संख्या झपाट्याने भरून येत नाही. पुढे तीन-चार वर्षांनी काही पाकोळ्या पुन्हा दिसू लागल्या. पूर्वीइतक्या अजून नाहीत.

दुसरी बाजू

वटवाघळांपासून काहीच त्रास नाही असे म्हणणे खरे होणार नाही. त्यांच्या विष्ठेने आणि मूत्राने कोरीव कामावर डाग पडतात. अजिंठ्याच्या चित्रांना त्यांच्यापासून इजा होते, म्हणून तेथे पुरातत्त्व खात्याला उपाय योजावे लागले. जेथे दोन हजार वर्षांपूर्वीचे रंग आहेत तेथे चित्र वाचवणे योग्यच. पण ते काम जाणकारांचे आहे. धूर, फटाके आणि काठ्या घेऊन जाणाऱ्या आपल्यासारख्यांचे नव्हे. चित्र नसलेल्या शेकडो साध्या कोठड्यांत तर हा प्रश्नही येत नाही.

दुसरी शंका रोगाची. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांचे नमुने घेतले. त्यांत निपाह विषाणूच्या संसर्गाच्या खुणा आढळल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. हे ऐकून घाबरून जाण्याचे कारण नाही. माणसांतील निपाहच्या साथी भारतात झाल्या त्या पश्चिम बंगाल आणि केरळमध्ये. मात्र सावधगिरी हवीच. वटवाघळाला, त्याच्या विष्ठेला हात लावू नये. कोरड्या विष्ठेची धूळ नाकात जाऊ देऊ नये, तिच्यातील बुरशीने फुफ्फुसाचा आजार होऊ शकतो. उष्टे, कुरतडलेले फळ खाऊ नये. वटवाघूळ चावले तर जखम साबणाने धुऊन लगेच दवाखान्यात जावे. पण त्यांना हुसकावणे हा रोगावरचा उपाय नव्हे. घाबरून विखुरलेली वटवाघळे वस्तीकडे येण्याचाच संभव अधिक. ती तेथे आणि आपण येथे, हेच दोघांच्या हिताचे.

कायद्याची दृष्टीही बदलली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळे खाणारी वटवाघळे बरीच वर्षे उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच वगळली गेली आणि १ एप्रिल २०२३ पासून ही दुरुस्ती लागू झाली.

एका गुहेला किती मोल असू शकते याचे उदाहरण आपल्या सीमाभागात आहे. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळ बारापेडे नावाची गुहा आहे. तेथील मोठ्या कानांच्या, सुट्या शेपटीच्या वटवाघळाची शास्त्रीय नोंद १९१३ मध्ये झाली. त्यानंतर कितीतरी दशके ही जात जगात फक्त याच एका ठिकाणी माहीत होती. पुढे मेघालयात आणि कंबोडियातही ती सापडली. आज तिला कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. त्या दशकांत कोणी उत्साही मंडळींनी आमच्यासारखा धूर केला असता तर काय झाले असते, याचा विचार करवत नाही.

आपण काय करावे

आमच्या सहलीचे नियम आता आम्ही बदलले आहेत. लेण्याबाहेर उभे राहून माहिती सांगतो, आत बोलत नाही. छतावर बॅटरीचा झोत आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश टाकत नाही. आतल्या कोठडीत पाकोळ्या असतील तर उंबरठ्यावरूनच परततो, विशेषतः उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळाभर. मेणबत्ती, अगरबत्ती, धूर आतल्या बंद जागेत करीत नाही. स्वच्छतेचे श्रमदान प्लॅस्टिक आणि बाटल्यांपुरते ठेवतो. विद्यार्थ्यांना वही देतो आणि ओसरी, खोली, कोठडी या तीन रकान्यांत काय दिसले ते लिहायला सांगतो. एका वर्षाची वही दुसऱ्या वर्षीच्या वहीशी ताडून पाहिली की लेणे भरते आहे की ओस पडते आहे, हे मुलांनाच कळते.

तो प्रश्न विचारणारी मुलगी आता कॉलेजात आहे आणि सहलीला लहान मुलांना घेऊन तीच पुढे असते. मागच्या वेळी एका मुलाने तिला तेच विचारले, "ताई, ही इथे खातात काय?" तिने त्याचा हात धरून त्याला बाहेर आणले आणि समोरच्या उंबराकडे बोट दाखवले.